तुमची बाग मे महिन्यात गावाला जाणार नाही ना?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू पुण्यात एस.वाय.ला आहेस, कॉलेजचं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, युनिट आहे, वर आता फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट पण मिळवायचेत, कॉलेजच्या मागच्या वस्तीत समाजमंदिराशेजारी २० बाय ३० फुटांची जागा आहे जिथे सगळे कचरा टाकतात, आणि तुम्ही २५ जण तिथल्या लोकांना बरोबर घेऊन भाजीपाल्याची बाग करायची म्हणताय, भिंती रंगवायच्यात, जमलं तर पोरांना बसायला काहीतरी. तर सुरुवात कुठून करू? तुला अरेतुरे करतेय, रागवू नको, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी ॲग्री करून वस्त्यांमध्ये कामाला लागले त्याला २० वर्षं होऊन गेली, तेव्हापासून केलेल्या बहुतेक बागा आज नाहीत, तेव्हा जे सांगतेय ते बरंचसं पडून शिकलेलं आहे.

तू विचारलंयस बियाणं कुठलं, माती कुठली, खर्च किती. त्यातलं बरंचसं सांगते, पण आधी मला सांग, मे महिन्यात पाणी कोण घालणार? तुम्ही नसणार. एप्रिलमध्ये परीक्षा, मग सुट्टी, निम्मी होस्टेलवाली पोरं आपापल्या गावी, जूनमध्ये ॲडमिशनची गडबड, म्हणजे मार्च अखेरपासून जुलैपर्यंत तुमचं कॉलेज बागेच्या दृष्टीनं बंद. आणि पुण्यात झाडाला पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच. माझी पहिली बाग अशीच गेली. कालव्याच्या कडेची वस्ती, एका कॉलेजची ३० पोरं, ऑगस्टमध्ये वाफे केले, पावसानं सगळं हिरवंगार, दिवाळीनंतर मेथी पालक इतका आला की वाटून संपेना, फोटोच फोटो. मे महिन्यात मी एकटीच चक्कर मारायला गेले तर वाळक्या काड्या आणि पाइप गायब. समोरच्या आज्जी ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाई, तुमची बाग गावाला गेली सुट्टीला." हसल्या नाहीत हं, सरळ तोंडानं म्हणाल्या.

आणि "तुमची" म्हणाल्या, ते मला घरी येईपर्यंत टोचत होतं.

आता हिशोबच मांड. वाफ्यातल्या भाजीला उन्हाळ्यात १०० चौरस फुटांमागे रोज ४०-५० लिटर पाणी लागतं. तुझी जागा ६०० चौरस फूट, त्यातली वाटा, खताची जागा वगैरे सोडून वाफे धरू २५० चौरस फूट, म्हणजे रोज सव्वाशे लिटरच्या आसपास. वस्तीतल्या बायका हे लिटरमध्ये मोजत नाहीत, हंड्यात मोजतात. १५ लिटरचा हंडा धरला तर आठ हंडे. ज्या बाईला पहाटे नळाला नंबर लावून घरचं पाणी भरायचंय, मग चार घरची धुणीभांडी करायला जायचंय, तिला तू अजून आठ हंडे भर म्हणणार का? म्हणून उन्हाळ्यात पूर्ण बाग चालवायचीच नाही. मार्चमध्ये बहुतेक वाफ्यांवर पालापाचोळ्याचा वीतभर थर देऊन ते झोपवून टाकायचे आणि चार-पाचच जिवंत ठेवायचे, त्यात कढीपत्ता, गवती चहा, शेवगा, अळू असलं चिवट. अळू तर मोरीच्या पाण्यावर येतं, ते प्रत्येक वस्तीत कुठल्या ना कुठल्या मोरीपाशी असतंच, कंद विकत आणू नका, मागून घ्या. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला चालतं, भांड्यांचं साबणाचं पाणी मात्र केळी, कर्दळ, अळू यांनाच, पालेभाजीला नको. पावसाचं पाणी साठवायची आयडिया पण कुणीतरी काढेल तुमच्यातलं, काढू दे, समाजमंदिराच्या पत्र्यावरून एका चांगल्या सरीत हजार लिटर उतरतं हे खरं आहे, पण ते उतरतं जुलैत, तेव्हा बागेला नको असतं, आणि २०० लिटरचा पिंप मेपर्यंत पुरत नाही. पिंप ठेवलाच तर झाकण घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूच्या अळ्या सापडून महापालिकेची नोटीस येईल आणि वस्तीत नाव खराब होईल ते वेगळंच.

तर पहिले दोन महिने काही लावूच नका. खरंच. फक्त जा. आणि जाताना हातात टेप, नकाशा, फॉर्म काही नको. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते, वस्तीत कुणी अनोळखी माणूस टेप लावून मोजायला लागला की संध्याकाळपर्यंत बातमी फिरते, एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, सर्वे आला, बिल्डरची माणसं आली. आमच्या एका ग्रुपनं उत्साहात पहिल्याच दिवशी घरोघर जाऊन किती वर्षं राहता, घर कुणाच्या नावावर असले प्रश्न विचारले, तीन महिने कुणी आमच्याशी धड बोललं नाही. सर्वे वाईट असतो असं नाही, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनं २०११ मध्ये पंचाहत्तरीच्या निमित्तानं आपल्याच दारातला एम ईस्ट वॉर्ड कामाला घेतला, देवनारचं डम्पिंग ग्राउंड ज्यात येतं तो, आणि विद्यार्थ्यांनी त्यात घरोघर माहिती गोळा केली. पण ती अख्खी संस्था होती, वर्षानुवर्षं त्याच वॉर्डात राहणारी. तुम्ही २५ जण आहात, दोन वर्षांत पास होऊन जाणार.

मग जाऊन करायचं काय? डबे बघायचे. प्रत्येक वस्तीत दारापुढे रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, फुटक्या बादल्या असतात, त्यात तुळस, कोरफड, ओवा, मिरची, कुठे पत्र्यावर चढवलेला घोसाळ्याचा किंवा दोडक्याचा वेल. ज्यांच्या दारात असे डबे त्या तुमच्या पहिल्या मेंबर. त्यांच्यापाशी बसा, चहा दिला तर घ्या, विचारा की गाव कुठलं, गावी काय पिकायचं. पुण्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये ७२ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, मराठवाड्यातून आलेली घरं आहेत, त्या आज्ज्यांनी अर्धं आयुष्य खुरपणी केलीय, मला डिग्री असून मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून मुरडतात तो रोग, कशानं येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यांना ते लांबून दिसतं. तुम्ही त्यांना शेती शिकवायला जाताय ही समजूत पहिल्या आठवड्यात गळून पडली तर बरं. तुम्ही देऊ शकता ते वेगळंच आहे, म्हणजे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज लिहिणं, फेऱ्या मारणं, अंगमेहनत, कॉलेजचा शिक्का.

आणि अजून एक, तुमच्याच कॉलेजात त्या वस्तीतली पोरं असणार. बहुतेक कुणाला सांगत नाहीत ती. त्यांना सगळ्यांसमोर "तू तिथलाच ना" करू नका, पण त्यांना कळेल असं बघा की कामाची सूत्रं घ्यायची तर त्यांनीच घ्यावीत. ज्या दोन बागा माझ्या अजून चालू आहेत त्या दोन्हीकडे असा एक जण होता.

दुसरं, बाग हे तुमच्या डोक्यातलं आहे. लोकांच्या डोक्यात काय आहे ते ऐकून घ्या. नव्वद टक्के वेळा पहिलं उत्तर बाग नसतं, संडासाकडे जायच्या बोळात लाइट नाही, नळाचा कट्टा फुटलाय, गटारावर झाकण नाही, हे असतं. मग आधी त्यातलं एक करा, छोटंसं, दिवा बसवून घ्यायची तक्रार लावून धरा, कट्ट्याला सिमेंट मारा. भिंत रंगवणं त्यानंतर. रंगवायलाच जाल तर लोक रंगवू देतील, नाही म्हणणार नाहीत, पाहुण्याला नाही कोण म्हणतं, पण बोळ अंधाराचाच राहिला आणि भिंतीवर वाघ-मोर आले तर ते दात काढून हसतात मागून. मोठं काम असेल तर पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवायला अर्ज मागवते, तो अर्ज वस्तीतल्या लोकांच्या नावानं भरा, तुमच्या नावानं नको.

आता जागा. समाजमंदिर पालिकेचं असलं तरी शेजारचा तुकडा पालिकेचा असेलच असं नाही, तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात आधी विचारा, आणि अर्जावर प्राचार्यांची सही असली तरी वस्तीतल्या बचत गटाची किंवा मंडळाची पण असू दे. तोंडी "करा करा" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आमची एक बाग अशीच तोंडी परवानगीवर केलेली, दोन वर्षांनी रस्तारुंदीच्या कामात एका सकाळी जेसीबीनं उचलली, कुणाकडे दाद मागायची तर कागदच नाही.

तिथे कचरा पडतोय तो का पडतोय हे बघितल्याशिवाय साफ करू नका. पालिकेच्या भाषेत त्याला क्रॉनिक स्पॉट म्हणतात, म्हणजे तीनदा साफ केला तरी चौथ्यांदा तिथेच. कुणाच्या घरी कचरा घ्यायला कुणी येत नाही, किंवा येतं पण ती बाई तेव्हा कामावर असते, म्हणून जाता जाता पिशवी भिरकावते. कचरावेचक मावशीला विचारा, तिला सगळं माहीत असतं. आणि इथे तुला पुण्यातलीच एक गोष्ट सांगायला हवी. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली माणसं साक्षरतेच्या कामासाठी वस्त्यांमध्ये गेली होती, तिथे त्यांना कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुली भेटल्या, आणि शिकवायला गेलेली ती माणसं त्यांच्या कामाच्या प्रश्नात उतरली. लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने ही त्यातली नावं, हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि २००८ मध्ये त्यातून स्वच्छ सहकारी संस्था, जिच्या मालक कचरावेचक बायकाच. आज पुण्यात तुझ्या दारात जी मावशी कचरा घ्यायला येते ती बहुधा तिथलीच. विद्यापीठ आणि वस्ती यांचं इतकं टिकलेलं काम मी दुसरं बघितलेलं नाही. साक्षरतेचा वर्ग घ्यायला गेले आणि समोर जे दिसलं त्यानुसार स्वतःचा प्लॅन बदलला, हे फार कमी जणांना जमतं. तेव्हा तुमचा खताचा खड्डा सुरू करताना त्या मावशीच्या पोटावर पाय येत नाही ना, तिचं भंगार तिलाच मिळतंय ना, हे तिच्याशी बोलून ठरवा, जमलं तर खताची देखरेख तिलाच द्या आणि पैसे द्या.

खतापासूनच सुरू करा, रोपांपासून नको. एका घरचा ओला कचरा रोज साधारण अर्धा किलो, २० घरं धरली तर १० किलो, त्याच्या घनफळाच्या दुप्पट सुका पाला. नुसता ओला टाकलात तर चौथ्या दिवशी वास, आठव्या दिवशी अळ्या, आणि मग बागेचं नाव काढलं तरी लोक नाक धरणार. सुका पाला पुण्यात फुकट आहे, जानेवारी ते मार्च लोक जाळतात तो, तुमच्याच कॉलेजच्या आवारात पोत्यानं मिळेल, "ब्राऊन लीफ" म्हणून पुण्यातलाच एक उपक्रम पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देतो. उसाची चिपाडं रसवंतीवाल्याकडून आणा, तो देऊन सुटतो. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरच्या शेतीत चिपाडांचा असा वापर फार आधी केला, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग उभी केली. खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना बारीक लोखंडी जाळी हवीच, नाहीतर घुशी. घूस काय करते हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही बघितलं त्यानं जाळीचे पैसे वाचवू नयेत. मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब निघेल इतपत ओल, आठवड्यातून एकदा खालीवर, दोन-अडीच महिन्यांत खत. त्याला जोड म्हणून अमृतजल, १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि दहापट पाण्यात मिसळून घालायचं. हे आपल्या कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या परंपरेतलं. गणिताचे प्राध्यापक होते ते, आणि शेतकऱ्यानं आपल्या रानात प्रयोग करावा, आपणच नोंदी ठेवाव्यात, एकमेकाला सांगावं, असं सांगायचे. तुम्हा कॉलेजवाल्यांना ते नोंदवहीचं जमेल, फक्त वही वस्तीत राहू दे, तुमच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये नको.

माती तपासा. उकिरड्याखाली राडारोडा, जुना रंग, बॅटऱ्या काय काय असतं, आणि पालेभाज्या नि कंद ते शिसं-बिसं सगळ्यात जास्त ओढतात. शंका असली तर जमिनीत लावूच नका, वर विटांचे वाफे करून बाहेरून आणलेला पोयटा, खत, चिपाडं असं भरा, फूटभर खोली, आणि वांगी, भेंडी, टोमॅटो अशा फळभाज्यांवर भर द्या, त्यात ते तुलनेनं कमी उतरतं. नाल्याचं पाणी कुणी कितीही सांगितलं तरी नाही म्हणजे नाही. आणि उद्या कुणी म्हणालं जागा नाही तर समाजमंदिराच्या गच्चीवर करू, तर आधी इंजिनिअर बोलवा. फूटभर ओल्या मातीचं वजन दर चौरस फुटाला ४५-५० किलो होतं, आणि साध्या गच्चीचं डिझाइन धरलेलं असतं चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला १४. भागाकार तूच कर.

वाफे ३ बाय ६ चे, मधे दोन फुटांची वाट, तीन फुटांपेक्षा रुंद नको, नाहीतर मधल्या गवतापर्यंत हात पुरत नाही आणि मग लोक आत पाय देतात. तुझ्या जागेत १४ बसतील. आता सगळ्यात भांडणाचा मुद्दा, सामायिक की वेगवेगळे? सगळे प्रोफेसर लोक सामायिक म्हणतात, ऐकायला छान वाटतं. माझं मत, एक घर एक वाफा, खत आणि पाणी सामायिक. सगळ्यांच्या वाफ्यातली कोथिंबीर पहाटे जो लवकर उठतो त्याची, आणि मग वर्षभर अबोला. १४ पैकी दोन वाफे अंगणवाडीला द्या, त्यावर कुणी भांडत नाही. पीक किती येईल तर फार स्वप्नं दाखवू नका, १०० चौरस फुटांत चांगल्या महिन्यात सहा-सात किलो आली तरी मी खुश असते, त्यानं कुणाचा बाजारहाट सुटत नाही. पण रोज लागणारी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता दारातून मिळतो आणि उकिरड्याच्या जागी बायकांना बसायला जागा होते, म्हणून एका कोपऱ्यात ओटा ठेवा, सावलीत. मला विचारशील तर वाफा एखादा कमी करा पण ओटा सोडू नका. पाहुणे आले, भांडण मिटवायचं, शेंगा निवडायच्या, सगळं ओट्यावर होतं, आणि जिथे बायका बसतात तिथे कचरा टाकायची कुणाची हिंमत होत नाही.

लावायचं काय ते तुमच्या कॅलेंडरला जोडा. जूनच्या पावसात भेंडी, गवार, दोडका, घोसाळी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, कोथिंबीर. मेथी महिन्याभरात हातात येते, म्हणून पहिलं पीक मेथीच घ्या, लोकांना लवकर काहीतरी दिसायला हवं. वांगं, टोमॅटो नंतर, त्यांना रोप लावल्यापासून दोन महिने लागतात आणि पाच-सहा तास ऊन.

कॉलेजची बाजू. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात, फील्ड प्रोजेक्टचे दोन क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास. हे तास एका महिन्यात उरकू नका. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात राडारोडा उचलणं, विटा रचणं, माती भरणं हे हमालीचं काम करा, त्याला खरंच २५ जण लागतात. बाकी वर्षभर आठवड्याला दोन तास, तीन-चार जणांची पाळी, वार ठरलेला. लोकांना वार कळला पाहिजे, "गुरुवारची पोरं" असं नाव पडलं की समजायचं जमलं. पुढच्या वर्षाच्या पोरांकडे काम जुलैत नाही, जानेवारीत सोपवा, म्हणजे जुनी पोरं असताना नवी पोरं मावश्यांना नावानिशी ओळखायला लागतात. आणि एका प्राध्यापकांना तीन वर्षं धरून ठेवा, पोरं बदलली तरी चालतं, तो चेहरा बदलला की वस्तीचा विश्वास परत शून्यावर येतो. कुंपणाच्या कुलपाची किल्ली पहिल्या दिवसापासून वस्तीत, कॉलेजच्या ऑफिसात एकही नको. आणि ते उद्घाटनाचं फ्लेक्स बिक्स लावायचा मोह सरांना होईल, त्यांना गोडीनं सांगा की एक वर्ष थांबू.

या आठवड्यात एवढंच कर, पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा तिथे जाऊन उभा राहा, दोघं-तिघंच या, आणि पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, शेवटच्या नंबराला काय मिळतं ते बघ. मग दुपारी त्या जागेवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं ते बघ, समाजमंदिराची सावली हिवाळ्यात लांब पडते हे धरून. या दोन गोष्टी मला कळव, मग कुठल्या बाजूला वाफे आणि कुठे ओटा ते सांगते.